सगळं आवरून मिळवलेली पदवी



आधी एक हिशेब मांडते. दूरशिक्षणात किंवा ऑनलाइन शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत किमान 120 श्रेयांक लागतात. म्हणजे 3,600 तास झाले. अठरा वर्षांच्या मुलाला हे तास बहुतेक घरांत मोकळे करून दिलेले असतात. पण आठ तासांची नोकरी, दोन तासांचा प्रवास, स्वयंपाक, मुलांचे अभ्यास, घरातलं एखादं आजारपण, हे सगळं सांभाळून ज्याला रोज जेमतेम दोन तास मिळतात, त्याला तेवढ्यासाठी 1,800 दिवस लागतात. जवळजवळ पाच वर्षं. तीसुद्धा एकही दिवस न चुकवता. तीन वर्षांच्या बी.ए.ला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, सहा वर्षांपर्यंत मुदत देतं, ती किती जणांना पुरीच्या पुरी लागत असेल, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

अशा रीतीने पदवी मिळवणाऱ्या प्रौढ मंडळींचं कौतुक करायला मी आज इथे आले आहे. कारण ही माणसं स्वतःहून काही सांगत नाहीत. निकाल लागतो, गुणपत्रिका कपाटात जाते. ‘आता या वयात काय गाजावाजा करायचा,’ असं म्हणून विषय बंद होतो. मला वाटतं, गाजावाजा करायलाच हवा.

माझ्या परिचयाच्या एक बाई एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करतात. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी बी.कॉम.ला ऑनलाइन प्रवेश घेतला. ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा, कानात इअरफोन घालायचा आणि पोळ्या लाटता लाटता लेक्चर ऐकायचं. जमाखर्चाचं उदाहरण आलं की व्हिडिओ थांबवायचा, हात पुसायचे आणि मुलाच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर ते सोडवून बघायचं. रात्री पुढचे धडे डाउनलोड करून ठेवायचे, म्हणजे सकाळी लोकलच्या गर्दीत नेट नसलं तरी वाचता येतात. पुस्तकातल्या मराठी संज्ञा एकीकडे आणि कामाच्या ठिकाणी ऐकलेल्या इंग्रजी संज्ञा दुसरीकडे, म्हणून त्यांनी दोन्हींची एक यादी करून फ्रिजच्या दारावर लावली होती. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. येता-जाता घरातल्या सगळ्यांना ती यादी पाठ झाली.

परीक्षा घरूनच द्यायची होती. अशा परीक्षेत कॅमेरा चालू ठेवावा लागतो, आधी खोली चारही बाजूंनी दाखवावी लागते, आणि मध्येच दुसरं कुणी कॅमेऱ्यात दिसलं तर ताकीद मिळते. दीड खोलीच्या घरात हे कसं जमायचं? मुलं शेजारी गेली. सासूबाई मात्र दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या आणि पेपर संपेपर्यंत हलल्या नाहीत. दूधवाला आला, इस्त्रीवाला आला, सोसायटीची पावती घेऊन वॉचमन आला. प्रत्येकाला त्या बोटाने गप्प करत आणि हळू आवाजात सांगत, ‘बेल नको, सून पेपर देतीय.’ त्या बी.कॉम.वर सासूबाईंचंही नाव असायला हवं, असं मी मनापासून म्हणते.

रेडिओवरून हा विषय मांडताना मला विशेष आनंद होतो, कारण या शिक्षणाची कल्पना प्रसारणाच्या आधारानेच रुजली. 1963 मध्ये ग्लासगोच्या एका भाषणात ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी हवेतून पोचणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरवली मंत्री जेनी ली यांनी. त्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. कष्टकऱ्यांना दुय्यम दर्जाचं काही द्यायचं नाही, पदवी इतर विद्यापीठांच्या तोडीचीच हवी, यावर त्या ठाम होत्या. 1971 मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले सुमारे पंचवीस हजार विद्यार्थी बीबीसीचे कार्यक्रम आणि टपालाने आलेली पुस्तकं यांच्यावर अभ्यासाला लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात 1982 मध्ये पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, 1985 मध्ये इग्नू आलं आणि 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. त्यांनी ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं अशांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला, गावोगावच्या शाळा-कॉलेजांत रविवारची अभ्यासकेंद्रं उभी केली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद अनेकांनी तेव्हा नुसतं वाचलं असेल. आज ते मोबाइलवर अक्षरशः घरोघरी पोचलं आहे.

त्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या यशवंतरावांचंही शिक्षण सरळ रेषेत झालं नव्हतं. शाळेत असतानाच 1932 मध्ये स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिक झाले ते 1934 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आणि बी.ए. 1938 मध्ये. आणि त्याच्याही खूप आधी, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा काम आणि रात्री पुस्तक, ही महाराष्ट्राची जुनी वाट आहे.

तरीही या पदवीधरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘रेग्युलर केलंय की बाहेरून?’ विचारणाऱ्याच्या आवाजात जो सूर असतो, तो मला फार लागतो. उत्तर स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. तिच्यावर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसता येतं, पुढे एम.ए. करता येतं. आयआयटी मद्राससारख्या संस्थेने 2020 पासून डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला आहे, आणि त्यात बी.एस.पर्यंत जाता येतं.

इथे एक सावधगिरीची सूचना देणं माझं कर्तव्य आहे. प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या अशा पद्धतीने देता येत नाहीत. कुणी देतो म्हणालं तर तिथून निघून या. बाजारात तयार लिहिलेले स्वाध्यायही विकत मिळतात, ते खरं आहे. ते घेणाऱ्यांमुळे रात्र रात्र जागून स्वतःच्या हाताने स्वाध्याय लिहिणाऱ्यांची पदवी उगाच संशयात येते, आणि म्हणूनच मला त्या विकत घेणाऱ्यांचा राग येतो.

‘पण या पदवीचा उपयोग काय?’ हाही प्रश्न येतो. काहींना बढती मिळते, काहींना मिळत नाही. मघाशी सांगितलेल्या बाईंचा पगार वाढलेला नाही. पण त्यांच्या बचत गटाचा ताळेबंद पूर्वी बाहेरचा एक माणूस पैसे घेऊन करून देत असे. आता तो त्या स्वतः करतात आणि गटातल्या दोघींना शिकवतातही. बँकेत कर्जाचं बोलायला त्या अध्यक्षांबरोबर जातात आणि व्याज कसं आकारलंय ते विचारतात. मला हा उपयोग पुरेसा वाटतो.

म्हणून काही विनंत्या करते. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी परीक्षेच्या दिवसांत रजा नाकारू नये. ज्यांच्या घरात कुणी शिकतंय, त्यांनी त्या महिन्यात एका वेळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, मुलांची शिकवणी आपण बघावी. विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला त्यांना एकटं पाठवू नये, सगळ्यांनी बरोबर जावं. आणि गणेशोत्सवात, पंधरा ऑगस्टला आपली मंडळं, आपल्या सोसायट्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव करतात, त्या कार्यकर्त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: यंदा यादी करताना वय विचारू नका. तुमच्या वाडीत, तुमच्या इमारतीत कुणी काम करत करत पदवी मिळवली असेल, तर त्यांचं नाव शोधून काढा आणि त्या यादीत घाला. आणि ज्यांचं नाव पुकारलं जाईल, त्यांनी कृपा करून मंचावर यावं.