बांबू : झाड की गवत?

माझं लहानपण बुरूडआळीला लागून गेलं. घरातलं सूप, टोपली, कोंबड्यांचं खुराडं, सारं तिथलंच. शेजारी कुणी गेलं की तिरडीचा बांबू तिथून यायचा. आमच्या कबरीत मय्यतीवर आडवे घालायचे बांबूही तिथूनच.

वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात बसवतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं मात्र त्याला झाडांत घातलं. मी कवी, शब्दाची ताकद मला ठाऊक आहे, असं वाटायचं. पण एका शब्दावरून रानाची मालकी ठरते, हे गडचिरोलीनं शिकवलं. झाड म्हटलं की ते वनखात्याचं. बांबू करारानं कागद कारखान्याला जाई आणि रानातच राहणारा गोंड टोपलीपुरता बांबू तोडतानाही बिचकत असे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजांत धरला; त्यावर गावाचा हक्क मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो खात्याच्या हाती! हक्क गावाकडे, किल्ली कचेरीत. देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१७ साली वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यातल्या झाडांमधून वगळला गेला. वनक्षेत्रातल्या बांबूला ती सूट मिळाली नाही.

वनखातं नकोच, असं मी म्हणत नाही. वणवा, शिकार, लाकूडचोरी यांना तोंड देणारा वनरक्षक बहुधा एकटाच असतो. त्याला गावाची सोबत हवी. आणि जे रान आपण राखतो त्यातलं काही आपल्या पदरात पडतं, हे दिसलं तरच गाव सोबत येतं.

आमच्या आळीतला म्हातारा बुरूड शेवटी प्लॅस्टिकच्या सुपांपुढे हरला. बांबू मिळेना, मिळाला तर परवडेना. त्याच सुमारास माझा पहिला संग्रह निघाला. त्याच्या कागदातही बांबूचा लगदा असेल. तो कुठल्या रानातला, कुणाला विचारून तोडला, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. जंगल सरकारी म्हणजे तुमचं-माझंच ना? मग त्याचा हिशेब विचारायला संकोच कसला?