कापलेला अर्धा गुण



"शाळेत शिकलेलं पुढे कुठे उपयोगी पडलं, त्यावर पाच मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. कारण माझ्याकडे आठवीच्या सहामाहीचा एक अर्धा गुण अजून शिल्लक आहे.

प्रश्न होता, १/३ दशांश रूपात लिहा. मी लिहिलं, १/३ = ०.३३. बाईंनी अर्धा गुण कापला. मी पेपर घेऊन तावातावाने शिक्षकांच्या खोलीत गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "०.३३ ला तिनाने गुण." गुणलं. ०.९९ आलं. "मग उरलेला एक शतांश कोणी खाल्ला? तिनाच्या डोक्यावर टिंब तरी दे, नाहीतर बरोबरचं चिन्ह तरी काढ. जवळपास वेगळं आणि बरोबर वेगळं."

तेव्हा मला तो खवटपणा वाटला होता. फळ्यावरचं बाकीचं मात्र लक्षात राहिलं. दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येते ती परिमेय संख्या, फक्त छेद शून्य नको. तिचं दशांश रूप एक तर संपतं किंवा त्याच अंकांचा फेरा धरतं. का? बाईंनी १ ला ७ ने भागून दाखवलं. बाकी उरणार ती १ ते ६ यांपैकीच. सहा बाक्या झाल्या की सातवी जुनीच येणार, आणि १४२८५७ पुन्हा पहिल्यापासून सुरू. संपतं कधी? अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तेव्हा. कारण आपण दहाच्या पटीत मोजतो, आणि दहा म्हणजे २ × ५.

इंजिनिअर झाले, पहिली नोकरी लागली. बिलांचा एक प्रोग्रॅम माझ्याकडे होता. एका शुल्काचा दर होता नगामागे २९ पैसे. महिनाअखेरीस हिशेब विभागातल्या काकांची हाताने लिहिलेली वही आणि माझा संगणक यांच्यात काही रुपयांचा फरक निघाला. भर बैठकीत मी म्हणाले, "संगणक चुकत नाही. बेरीज हाताने केलेलीच चुकली असेल." काकांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. ते काही बोलले नाहीत, फक्त वही मिटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकच नोंद घेऊन बसले. प्रोग्रॅम ०.२९ रुपयाला १०० ने गुणून पैसे काढत होता आणि दशांश चिन्हापुढचं टाकून देत होता. गुणाकार २९ यायला हवा. संगणकाच्या पोटात तो येत होता २८.९९९... आणि पुढचं टाकलं की उरत होते २८. दर नोंदीत एक पैसा गळत होता.

कारण संगणक दोनच्या पटीत मोजतो. तिथे छेदात फक्त २ चालतो. अर्धा, पाव, पाऊण त्याला नेमके लिहिता येतात. आजोबांची निमकी, पावकी त्याला जणू पाठ असते! पण २९/१०० च्या छेदात ५ आहे. आपल्याला १/३ जसा न संपणारा, तसा त्याला २९/१०० न संपणारा. जागा संपली की तो कापतो, आणि वर बरोबरचं चिन्ह लावतो. अगदी आठवीतल्या माझ्यासारखाच.

दुरुस्ती सोपी होती: रक्कम पहिल्यापासून पैशांत, पूर्णांकात ठेवायची. अवघड होतं ते काकांच्या टेबलापर्यंत जाणं. गेले, सगळ्यांसमोर माफी मागितली. काका म्हणाले, "वही तीनदा तपासली होती गं मी."

माझी चूक काही रुपयांत निभावली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे तसं झालं नाही. अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, आणि १/१० हा २४ बिटांत कापून ठेवलेला होता. एका दहाव्या भागात चूक नगण्य. पण यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती, आणि चूक साचून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात समोरून येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात भलत्याच ठिकाणी पाहत राहिली. २८ अमेरिकी सैनिक गेले.

आज माझ्या हाताखाली नवी मुलं कामाला येतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यात १/३ दशांशात लिहायला सांगते. बहुतेक जण ०.३३ लिहितात. मग मी विचारते, "उरलेला एक शतांश कोणी खाल्ला?" जवळपास उत्तर देण्यात कमीपणा नाही, जगातली निम्मी कामं त्यावरच चालतात. फक्त ते जवळपास आहे, हे सांगायला हवं. नाहीतर उरलेल्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं.

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तेव्हा शिक्षकांच्या खोलीतून मी पाय आपटत बाहेर पडले होते. आज सांगते, तो अर्धा गुण तुम्ही बरोबर कापलात. जवळपास नाही, बरोबर.