ताळा पाहिला का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्गात डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, एक मैत्रीण तर तहसीलदार झाली. तरी संयोजकांनी मला बोलायला उभं केलंय. सकाळपासून जो भेटतोय तो मला "तेल कधी उतरणार?" एवढंच विचारतोय, त्यामुळे असेल. तेलाचं मला माहीत नाही. मी पुण्याजवळच्या एका स्वस्त किराणा विकणाऱ्या मोठ्या दुकानात असिस्टंट मॅनेजर आहे. म्हणजे मॅनेजर रजेवर असला की मॅनेजर, आणि हमाल रजेवर असला की हमाल.

तुम्हाला स्वस्त कसं परवडतं, हे नाश्त्याच्या वेळी तिघांनी विचारलं, म्हणून ते आधी सांगून टाकतो. पाकिटावरची एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. तिच्यापेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही. कमी घ्यायला कुणाची ना नाही. कमी घ्यायचं तर माल पडून राहता कामा नये. माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते केले की खरेदीत सूट मिळते, आणि माल भराभर हलला की थोड्या नफ्यावर भागतं. २००२ साली पवईत डीमार्टचं पहिलं दुकान निघालं, आणि पुढे ही पद्धत आपल्याकडे घरोघरी ओळखीची झाली. (मी त्यांच्याकडे नाही, तिथल्या तक्रारी माझ्याकडे आणू नका.) जुना माल पुढे आणि नवा मागे लावायचा, हे आमचं निम्मं काम. मागे हात घालून नव्या तारखेचं दही काढणाऱ्या काहीजणी समोरच बसल्या आहेत. नावं घेत नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच, आणि ते गणिताच्या सरांसमोर सांगायचं आहे.

सर, उत्तर बरोबर असलं तरी तुम्ही माझा अर्धा मार्क कापायचात आणि लाल शाईनं लिहायचात, 'ताळा?' मला त्याचा फार राग यायचा. उत्तर बरोबर आहे ना, मग पुन्हा कशाला?

२०१८ची दिवाळी. त्या आठवड्यात बिलिंगच्या रांगा पार डाळींच्या रॅकपर्यंत जातात. रात्री दुकान बंद झालं की प्रत्येक काउंटरची रोकड मोजायची आणि मशीनच्या आकड्याशी जुळवायची. एका काउंटरला दोन हजार कमी आले. बरोब्बर दोन हजार. त्या वेळी दोन हजारांची नोट होती, त्यामुळे संशय लगेच एका नोटेवर जातो. काउंटरवरची मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, लग्न झालेली, सकाळी सासूकडे बाळ ठेवून यायची. ती म्हणाली, "सर, कॅमेरा बघा ना." मी म्हटलं, "बघू." मी रोकड पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली. तीनही वेळा दोन हजार कमी.

कॅमेरा मी पाहिला नाही. सगळ्या दिवसाचं चित्रण पाहायला तास-दोन तास गेले असते, बाहेर तेलाचा ट्रक येऊन उभा होता आणि मी सकाळी आठपासून पायांवर होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, असं झालं एवढंच. मी छापील कागद काढला, 'रोकड हाताळण्यात निष्काळजीपणा' अशी ओळ भरली आणि तिची सही घेतली. पैसे पगारातून कापले गेले. बाकीच्या मुली तिच्याशी जेवणाच्या सुट्टीत कमी बोलायला लागल्या. पंधरा दिवसांत तिनं काम सोडलं.

जानेवारीत त्या काउंटरचा गल्ला अडकायला लागला. दुरुस्तीवाल्यानं अख्खा ड्रॉवर बाहेर ओढला, तर मागच्या फटीत चेपून बसलेली गुलाबी नोट. मोठ्या नोटा आम्ही ट्रेखाली सरकवतो, घाईत एक पार मागे गेली असणार. तो माणूस हसून म्हणाला, "साहेब, पार्टी द्या!"

सर, त्या दिवशी मला तुमची लाल शाई दिसली. त्याच नोटा तीनदा मोजणं म्हणजे ताळा नव्हे. ताळा दुसऱ्या वाटेनं जाऊन करायचा असतो. ती वाट त्या मुलीनंच दाखवली होती, मी गेलो नाही.

वर कळवलं. पैसे परत मंजूर व्हायला दोन महिने लागले. ते पाकीट घेऊन मी तिच्या घरी गेलो. चाळीतली खोली, दारात बाळाचे कपडे वाळत होते. तिनं पाणी दिलं. पैसे मोजून घेतले, माझ्यासमोर, दोनदा. मग म्हणाली, "सर, त्या कागदावर माझी सही आहे. तो कागद मला पाहिजे."

कागद मुख्य कचेरीत फायलीला लागलेला. मी मागितला, तर फायलीतला कागद बाहेर देत नाही म्हणाले. आणखी दोनदा मागितला. शेवटी मी स्वतःच एक कागद लिहिला : अमुक तारखेची रोकड बरोबर होती, नोट गल्ल्यामागे सापडली, चूक मोजणाऱ्याची म्हणजे माझी होती. खाली सही केली. एक प्रत त्या फायलीत लावायला लावली आणि दुसरी तिला नेऊन दिली. या कागदावरून मॅनेजरनं मला बरंच ऐकवलं, ते इथं सांगत नाही, समोर बाई बसल्या आहेत.

तोवर ती दुसऱ्या एका दुकानात पॅकिंगला लागली होती. काउंटर मागितलाच नाही, म्हणाली. कागद उंबऱ्यातच उभ्या उभ्या सगळा वाचला, घडी घालून पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डाखाली ठेवला. परत या, असं मी म्हटलं नाही, तोंड नव्हतं.

मी चपला घालत होतो, तेव्हा तिनं आतून विचारलं, "सर, पंधरा लिटरचा तेलाचा डबा अजून तुमच्याकडे स्वस्त आहे का?"

आहे, म्हटलं.