गुन्हेगाराचें बालपण आणि शिक्षेचें माप



ज्युबिलीच्या दिवसांत हा विषय कोणास विसंगत वाटेल. परंतु तुरुंगांत गेलेला मुलगाही कोणत्या तरी पाड्याचाच असतो. लहानपणीं ज्याचा छळ झाला त्याच्या हातून पुढें घोर अपराध घडला, तर शिक्षा ठरवितांना त्या छळाचा विचार व्हावा काय?

पुष्कळांचें उत्तर नकारार्थी आहे, आणि तें उथळ नाहीं. डहाणू-तलासरीकडे मार खाऊन, उपाशी निजून वाढलेलीं कितीतरी मुलें सज्जन निघालीं. शिवाय ज्या घरचें माणूस मारलें गेलें त्या घरानें काय समजावें? हें आम्हांस मान्य आहे. पण त्यानें दोष सिद्ध होतो, शिक्षेचें माप ठरत नाहीं. सेमिनरींत आम्हीं हेंच शिकलों, कीं कृत्याचें वाईटपण एक आणि कर्त्याची जबाबदारी दुसरी. भय व लहानपणींच अंगीं जडलेली संवय यांनीं ती जबाबदारी उणी होऊं शकते. आपला कायदाही दोष ठरल्यावर शिक्षेकरितां निराळी सुनावणी ठेवतो, आणि १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहावें असें सांगितलें.

कोल्हापूरच्या रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींचें प्रकरण आपणांस आठवत असेल. मुलें पळविण्याच्या व मारण्याच्या त्या भयंकर गुन्ह्यांत त्यांची सोबतीण खुद्द त्यांची आई होती. खटला पुरा होण्यापूर्वींच ती मरण पावली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोघींची फांशी कायम केली. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेवर आणली, परंतु कारण काय? दयेच्या अर्जाला सरकारनें लावलेला विलंब! अशा आईच्या हाताखालीं त्या कशा वाढल्या, हा प्रश्न तसाच राहिला. त्यांस सोडावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तो प्रश्न विचारला जावा, एवढेंच.

त्याच वर्षीं, मे महिन्यांत, मनोज खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फांशीच्या खटल्यांपुरतें सांगितलें, कीं आरोपीचें कुटुंब, बालपणीं झालेली हिंसा वा हेळसांड यांची माहिती सरकारनें योग्य टप्प्यावर न्यायालयापुढें ठेवावी. आमच्या मतें लहान शिक्षांसही हाच नियम असावा.

मात्र ही माहिती मिळावी कोठून? दिवाळीनंतर कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. तेथें मुलावर काय गुदरलें याचा कागद नसतो. तें शेजारणीस ठाऊक असतें, गुरुजींस ठाऊक असतें, कधीं आम्हांसही ठाऊक असतें. पण वकील विचारावयास आला, कीं सगळा पाडा गप्प! कोणी म्हणतो, मेलेल्या बापाची अब्रू कशास काढावी? बापाची अब्रू राखतांना मुलाची वर्षें तुरुंगांत जातात, हें त्यानें लक्षांत घ्यावें. आणि मूल लहान असतांनाच बोलणें तर याहून सोपें आहे: १०९८ या क्रमांकावर कळवितां येतें, आणि अत्याचार लैंगिक असेल तर तो कळविणें २०१२ च्या कायद्यानें प्रत्येकावर बंधनकारकच आहे.