ज्वालामुखीला पहिला नंबर



विज्ञान शिक्षकांच्या संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आपली पात्रता सांगावी. माझी एवढीच, की एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनात माझ्या वर्गाच्या ज्वालामुखीला पहिला नंबर मिळाला होता. आठवीतली चार मुलं, शाडूचा डोंगर आणि विवरात दोन चमचे नारिंगी अमोनियम डायक्रोमेट. काडी लावली. ठिणग्या उडाल्या, हिरवी राख भुरभुरत वर आली, मंडप टाळ्यांनी दणाणला. राख शेजारच्या टेबलावर पडली, परीक्षकांच्या चहातही पडली. संध्याकाळी पोरांनी ती हातानेच गोळा केली. एकाने तर आठवण म्हणून काडेपेटीत भरून घरी नेली. त्या नारिंगी क्षारातलं क्रोमियम श्वासावाटे आत गेलं तर कर्करोगाचा धोका असतो आणि न जळलेले कण राखेत उरू शकतात, हे मी पुढे कधीतरी वाचलं. त्या दिवशी मी टाळ्या वाजवत होतो.

म्हणून सुरक्षेचा विषय निघाला की पोरांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवणं मला जमत नाही. ज्याला आपण गुण देतो तेच मुलं आणतात. भडका उडाला की परीक्षक थांबतात. परसातल्या विहिरीची पातळी 40 दिवस रोज मोजून लिहिलेली वही समोर असेल, तर नुसती चाळून पुढे सरकतात. ‘यंदा जिल्ह्याला गेलंच पाहिजे’ हे वाक्य शिक्षक-खोलीत आपणच बोलतो.

अमेरिकेत ‘आयसेफ’ नावाचा आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळा भरतो. भारतातली मुलंही तिथे जातात. तिथे टेबलावर ज्योत चालत नाही, सजीव चालत नाहीत, रसायनं चालत नाहीत, पाणीसुद्धा नाही! मांडायचं काय, तर नोंदवही, आलेख, छायाचित्रं. सूक्ष्मजंतू घरी वाढवायलाही बंदी आहे. आपल्याकडे आगरच्या बशीत बोटावरचे जंतू वाढवून, झाकण उघडून पाहुण्यांच्या नाकाखाली धरतात. त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही, पाण्यावरची बंदी मलाही जाचक वाटते. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे जोखमीच्या प्रकल्पाची परवानगी प्रयोग सुरू होण्याआधी लागते. आपण सुरक्षा बघतो ती मंडपात, उद्घाटनाच्या सकाळी, फीत कापायची कात्री शोधता शोधता.

आणि तो मंडप तरी कसा? टेबलावर सॅटिनचं कापड, मागे थर्माकोल, वर झिरमिळ्या, खाली एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सहा प्रकल्प, जोड सेलोटेपने गुंडाळलेले. 230 व्होल्टला तो सेलोटेप आहे हे कळत नाही. वाळूची बादली असते, पण तिच्यात गुटख्याच्या पुड्या. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही, हे आपण फळ्यावर लिहितो. पण प्रमुख पाहुणे आले आणि दिवा मंदावला, की घाईत तेच होतं.

नियमांनी विज्ञानातली मजा जाईल, असं काही तरुण सहकारी म्हणतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घ्या. व्हिनेगर किती घातलं तर फेस किती वर येतो, हे पट्टीने मोजा. भडका नाही, पण मुलाला सांगण्यासारखं काही हाती लागतं. ज्वाळा दाखवायचीच असेल तर प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, चष्मा घालून चित्रण करा आणि ते मंडपात दाखवा.

समारोपाच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. गुणपत्रिकेत 100 पैकी 15 गुण ‘यात काय धोका होता आणि तो कसा टाळला’ या प्रश्नाला असावेत, आणि ते उत्तर मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीने प्रयोगाआधी लिहिलेलं असावं. सहीची जबाबदारी नको म्हणून काहींचा विरोध होईल, तो मी गृहीत धरला आहे. अनुमोदन द्यायला मला तुमच्यातले दोघे हवे आहेत. जेवणाच्या सुटीत भेटा.