जरा गाडी थांबवा!
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



प्रवासात निसर्गाची छायाचित्रे कशी काढावीत, यावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणत होते. मी काही या विद्येतली पंडिता नव्हे. पण गेली काही वर्षे थंडी पडू लागली, की कॅमेरा घेऊन मोटारीने बाहेर पडण्याचा छंद मला जडला आहे. त्यात जे पाहिले, शिकले, ते आपल्याच माणसांत सांगायला संकोच कसला, म्हणून उभी राहिले आहे.

हा छंद पुरुषांचा आणि पैसेवाल्यांचा, असे पुष्कळजणी म्हणतात. पैशाचे म्हणाल तर जिच्या पिशवीत मोबाइल आहे, तिच्याजवळ कॅमेरा आहेच. पुरुषांचे म्हणाल तर होमाई व्यारावाला यांचे नाव ऐका. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या या बाई भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत सायकलवरून हिंडत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात, हेही ध्यानात ठेवा. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

आता रस्त्याची गोष्ट. अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स हे निसर्गचित्रांतले मोठे नाव. १९४१ च्या नोव्हेंबरात ते न्यू मेक्सिको प्रांतातून मोटारीने चालले होते. संध्याकाळची वेळ. हर्नांडेझ नावाच्या खेड्यामागे चंद्र उगवलेला, आणि मावळतीचा शेवटचा प्रकाश स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेला. त्यांनी गाडी घाईघाईने रस्त्याच्या कडेला घेतली आणि कॅमेरा उभा केला. प्रकाश मोजण्याचे यंत्र काही सापडेना. पण चंद्राचे तेज किती असते हे त्यांना पाठ होते, त्यावरून त्यांनी हिशेब केला. एक चित्र घेतले. दुसरे घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले. ते एकच चित्र आज जगभर ओळखले जाते. गाडी थांबली नसती, तर त्यांची सारी विद्या काय कामाची होती?

हिवाळाच का, असे मला विचारतात. कारण हिवाळ्यात सूर्य खालून चालतो. पुण्याला जूनच्या अखेरीस भर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस क्षितिजापासून अठ्ठेचाळीसच अंश वर येतो. ऊन तिरपे पडले, की सावल्या लांबतात आणि डोंगराची प्रत्येक घडी उठून दिसते. त्यातून निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून देते आणि थंड, जड हवा दरीत उतरून साचते. पहाटे घाटमाथ्यावर उभे राहावे, तर खाली धुक्याचे सरोवर भरलेले! महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला थंडीच्या काही पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते, तेही याच कारणाने. मात्र सूर्य वर आला, की ते पांढरेपण बघता बघता विरघळते. तेव्हा चहा नंतर, चित्र आधी!

खऱ्या बर्फाचा अनुभव मी घेतला तो हिमाचलातील स्पीतीत, फेब्रुवारीत. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते. म्हणून सिमल्याहून किन्नौरमार्गे काझाला जावे लागते. काझा सुमारे बारा हजार फुटांवर. सॅम्युएल बोर्न नावाचे इंग्रज छायाचित्रकार १८६६ साली काचेचे तुकडे आणि रसायने हमालांच्या पाठीवर देऊन याच स्पीतीच्या बाजूला आले होते. काच ओली असतानाच चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. आपल्याला तर नुसते बोट दाबायचे!

तरीही तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे बर्फ चित्रात करडा येतो. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे असणार, अशी कॅमेऱ्याची ठाम समजूत असते. एखादी सुगरण सगळ्यांना मध्यम तिखटच वाढते, तसे. म्हणून बर्फ असो की धुके, आपण होऊन उजेड एक-दीड टप्पा वाढवावा. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट ठेवले, की सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते वर सरकवावे. दुसरी म्हणजे थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी. तिसरी म्हणजे बाहेरून उबदार खोलीत येण्याआधीच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तो खोलीइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडावी. नाहीतर गार ताटलीवर वाफ धरते, तसे त्याच्यावर पाणी धरते.

आणि गाडी कोठे थांबवावी, हे चालकाने ठरवावे. किन्नौरमध्ये एका वळणावर मी थांबा म्हणाले, तर आमचा तिथलाच चालक हात जोडून म्हणाला, "माताजी, इथे नाही. वरून दगड येतात." चित्र गेले. जाऊ दे! सावलीतल्या रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा पापुद्रा असतो, तो दिसतही नाही. तिथे हट्ट धरू नये.

स्पीतीत कडाक्याच्या थंडीत नळ गोठतात. जिथे पाणी वाहते आहे, तिथून बायका ते वाहून आणतात. एक आजी पाण्याचा डबा घेऊन चढण चढत होत्या. मागे पांढरे डोंगर, फारच सुंदर दृश्य! मी खूण करून विचारले. त्यांनी मान हलवली, डबा घरात नेऊन ठेवला, डोक्याचा रुमाल नीट केला, सुनेला बोलावले आणि दारात उभ्या राहून हिंदीत म्हणाल्या, "आता काढ. ओझे उचललेली नको." मनात आले, आपल्यापैकी तरी कोणाला ओझ्यासकट चित्रात यावेसे वाटेल? त्या चित्राची प्रत मी टपालाने पाठवली. डोंगराला परवानगी विचारावी लागत नाही, माणसाला विचारावी.

भगिनींनो, आपण प्रवासाला जातो तेव्हा काय करतो? दशम्या बांधतो, औषधे घेतो, गाडीत मागे बसून मुलांना आणि पिशव्यांना सांभाळतो. खिडकीबाहेर काही सुंदर दिसते, तर "अहो, बघा" म्हणेपर्यंत ते मागे जाते. "जरा गाडी थांबवा" हे तीन शब्द घशाशी येतात आणि परत जातात; घरच्यांचा खोळंबा नको म्हणून. पहिल्यांदा मी ते शब्द उच्चारले, तेव्हा आमच्या घरच्यांना नवलच वाटले. "कोणाला मळमळते आहे का?" म्हणून त्यांनी विचारले! आता तेच मला विचारतात, "इथे थांबायचे का?"

सगळ्या कुटुंबाच्या वेळेतली दहा मिनिटे स्वतःच्या डोळ्यांसाठी मागणे यात स्वार्थ नाही. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही, इतकेच.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढच्या वर्धापनदिनी या सभागृहाची एक भिंत मोकळी ठेवावी. प्रत्येकीने या थंडीत काढलेले एक चित्र तिथे लावावे. मग ते हिमालयाचे असो, नाहीतर आपल्याच गावाच्या वेशीवरच्या धुक्याचे. आणि प्रत्येक चित्राखाली काढणारीचे नाव लिहावे, तिचे स्वतःचे.