जुन्या पंपाच्या पोटात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा गृहस्थ किमान वेतन किंवा ठेकेदारी पद्धत यांवर बोलेल. मी ‘जुने पेट्रोल-पंप’ म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. आपल्यापैकीही काहींना वाटले असेल की, युनियनचा माणूस भंगारावर बोलू लागला म्हणजे त्याचे दिवस भरले. तसे काही नाही. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे गॅरेजात, सभांत आणि नगर वाचनालयात झाले. त्यातला एक धडा मला एका गंजलेल्या पंपाने फार उशिरा शिकविला. तो सांगण्यासाठी मी उभा आहे.

या छंदाची सुरुवात अपघातानेच झाली. बारामतीच्या एका भंगारवाल्याकडे मी सायकलसाठी नळीचा तुकडा शोधत होतो. तिथे पत्र्यांच्या ढिगाखाली माणसाएवढ्या उंचीचा एक लोखंडी खांब पडला होता. त्याला लाकडी मुठीचा दांडा होता आणि डोक्यावर काचेच्या उभ्या भांड्याची रिकामी चौकट. आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला हातपंप तो हाच. दांडा पुढेमागे ओढला की जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल वर काचेत चढे. काचेवर मापाच्या खुणा असत. गिऱ्हाइकाने डोळ्यांनी माप पाहावे, मग खालची तोटी उघडावी आणि पेट्रोल आपल्या भाराने मोटारीत उतरावे. यात लपवाछपवीला जागा फार थोडी. पुढे यंत्रे हुशार झाली, माप पेटीच्या आत गेले आणि गिऱ्हाइकाच्या वाट्याला नुसता आकडा उरला.

या पंपाचा जन्म पेट्रोलसाठी झालेला नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने १८८५ साली एका किराणा दुकानदाराला रॉकेल उपसण्याचा पंप करून दिला. दुकानात रॉकेलचे पिंप लोण्याच्या पिंपाशेजारी होते. गळक्या रॉकेलाचा वास लोण्याला लागे आणि गिऱ्हाईक कटकट करी. मोटारी त्यानंतर आल्या. आज विमानतळावर इंधनाच्या गाडीला बाउझर म्हणतात, ते याच गृहस्थाच्या आडनावावरून. किंमतही आपोआप दाखविणारे पंप अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली आणि ४.५४६ लिटरचा इंग्रजी गॅलन हळूहळू मागे पडला.

हातपंप उभा करायला मला दीड वर्ष लागले. गंजलेले बोल्ट आठ-आठ दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवावे लागतात. हातोडा मारणाऱ्याचे यात काम नाही. पत्र्यावरचा रंग खरवडू लागलो तर एकाखाली एक असे चार रंग निघाले. ते पाहताना कंपन्यांचा सारा इतिहास डोळ्यांपुढे येतो. १९७४ साली एस्सोचा व्यवसाय सरकारने घेतला व हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. १९७६ साली बर्मा-शेल घेतली, तिचे पुढे भारत पेट्रोलियम झाले. रात्रीतून पाट्या बदलल्या, पंप मात्र तेच राहिले आणि नळी धरणारे हातही तेच राहिले. (तरुण मित्रांना एक सूचना करून ठेवतो. जुन्या टाकीला किंवा पिंपाला कधीही वेल्डिंग लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.)

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९९८ साली, मी संघटनेत नवखा असताना, सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या बाजूला एका पंपावर रात्रपाळीचा एक कामगार होता. गळीत हंगामाचे दिवस होते आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग तुटत नव्हती. महिनाअखेरीस मालकाने टाकीत पट्टी घालून साठा मोजला, तो मीटरच्या आकड्याशी जुळेना. पावणेतीनशे लिटर कमी. रात्री टाकीतून उपसून विकले, असा आळ या माणसावर आला. घरगुती चौकशी झाली. मी त्याच्या बाजूने बोललो. पण काय बोललो? गरीब आहे, दोन लेकरे आहेत, पहिलीच वेळ आहे, असे बोललो. ‘पहिलीच वेळ’ या शब्दांत मी चोरी कबूल करून टाकली, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. शेवटी तीन महिन्यांचा पगार आणि राजीनामा यावर मिटविले. मी तो विजय मानला. गावाने त्याचे नाव पेट्रोलचोर ठेवले.

त्यानंतर वीसएक वर्षांनी त्याच जातीचा, आकड्यांची चाके फिरणारा विजेचा पंप माझ्या शेडमध्ये आला. वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका मदतीला होते. आम्ही मीटर उघडले. आत पिस्टन असतात. पेट्रोल त्यांना ढकलीत जाते, त्यांच्या फेऱ्यांवर दांडा फिरतो आणि दांड्यावर आकडे फिरतात. पिस्टनला चामड्याच्या वाट्या बसविलेल्या असतात. त्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. काका म्हणाले, “हे बघा, इथून माल निसटतो. पिस्टन ढकलल्याशिवाय पुढं जातो. म्हणजे मोजलाच जात नाही.” मी विचारले, मग गिऱ्हाइकाला कमी मिळते का? ते हसले. “कमी नाही हो, जास्त! आकडा पाचचा आणि मालाचं माप पाचाच्या वर.”

मी तिथेच पिंपावर बसलो. खडूने फरशीवर हिशेब मांडला. पाच लिटरच्या मापात पंचवीस मिलिलिटरची चूक कायद्याला चालते. निरीक्षक माप लावतो, चूक त्या आत असली की शिशाचे सील ठोकतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण पंप दिवसाला दोन हजार लिटर देत असेल, तर पाचाला पंचवीस मिलिलिटर म्हणजे दिवसाला दहा लिटर. महिन्याला तीनशे. कोणी चोर नाही, कोणी गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, सील शाबूत आहे, आणि टाकीत तीनशे लिटर कमी!

शिवाय दुसरे एक कारण आहे. पेट्रोल उष्णतेने फुगते. हजार लिटरमागे दर अंशाला सुमारे सव्वा लिटर. तापलेल्या टँकरमधले बारा हजार लिटर जमिनीखालच्या टाकीत पाच अंश निवले, की सत्तर-पंचाहत्तर लिटर कुठे न सांडता नाहीसे होतात. या गोष्टी कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक होत्या. चौकशीच्या टेबलावर मात्र एकानेही, आणि एकात मी धरून, मीटर उघडून दाखवा असे म्हटले नाही. कायद्याची कलमे मला तोंडपाठ होती. यंत्राबद्दल मी अडाणी होतो.

तो पंप केव्हाच मोडीत गेला, त्यामुळे त्या मीटरच्या वाट्या झिजलेल्या होत्या हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पावणेतीनशे लिटर कमी भरले म्हणून माणूस चोर ठरत नाही, एवढे मी सिद्ध करू शकतो. तेव्हापासून तुटीचे कोणतेही प्रकरण आले की मी आधी वर्षभराचे मोजमापाचे दाखले, टँकर उतरल्याची वेळ आणि मीटर दुरुस्तीची नोंद मागतो. त्या जोरावर दोन प्रकरणे कामगारांच्या बाजूने सुटली आहेत.

बारामतीच्या एका चर्मकार बंधूने नव्या वाट्या कापून तेलात मुरवून दिल्या आणि पंप बरोबर माप देऊ लागला. मग मी त्या कामगाराला शोधून काढले. आता तो उजनीच्या फुगवट्याच्या कडेला मासळीच्या गाडीवर काम करतो. त्याला शेडमध्ये आणले. मीटर उघडून, जुन्या वाट्या हातात देऊन सारे समजावले. तो बराच वेळ त्या उलटसुलट करून पाहत होता. मग म्हणाला, “भाऊ, हे तवाच का नाही उघडलं?” मी म्हणालो, “मला येत नव्हतं.” त्यावर तो काही बोलला नाही. चहा झाल्यावर म्हणाला, “लिहून द्या. पोरगा आता मोठा झालाय, त्याला वाचता येतं.”

मी संघटनेच्या कागदावर पंचवीस मिलिलिटरपासून तीनशे लिटरपर्यंतचा सारा हिशेब लिहिला. त्याखाली, चौकशीत मी जे बोललो ते चूक होते, हेही लिहिले. सही केली आणि शिक्का मारला. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मग विचारले, यातली एक वाटी नेऊ का? मी दोन्ही दिल्या.